भाकरी, दया आणि हक्क

टॉम हूपर या दिग्दर्शकाचा ‘ले मिझराब्ल’ हा संगीतपट २०१२ साली आला. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या कादंबरीवर आधी पॅरिसमध्ये आणि नंतर १९८५ साली लंडनमध्ये संगीत नाटक झाले, त्या नाटकाचा हा चित्रपट. यात पात्रे बोलत नाहीत, जवळजवळ सगळा वेळ गातच असतात. भुकेले लोक एवढे गातात कशाला, असा प्रश्न एखाद्याला पडेल. आम्हाला तो पडला नाही. बार्शीच्या मातीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. गरिबाचे दुःख भाषणापेक्षा गाण्यातून लवकर पोचते, हे या मुलखाला तेव्हापासून ठाऊक आहे.

ही कथाही आपल्याला परकी नाही. साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली. सोहराब मोदींनी तिच्यावर १९५५ साली ‘कुंदन’ हा हिंदी चित्रपट काढला. त्याची गाणी शकील बदायुनींची आणि संगीत गुलाम मोहंमद यांचे. भाकरी चोरणारा माणूस आपल्या भाषांतून किती वेळा आला! तरी प्रत्येक वेळी तो एकच प्रश्न विचारतो : गरिबाला आपण काय देणे लागतो, दया की हक्क?

ज्यां व्हालज्यां बहिणीच्या उपाशी लेकरासाठी पाव चोरतो. त्या पावासाठी पाच वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांसाठी आणखी, अशी एकोणीस वर्षे तो कैदेत काढतो. सुटल्यावर त्याला कोणी दारात उभे करीत नाही. एक बिशप त्याला जेवू घालतो, झोपायला जागा देतो. रात्री व्हालज्यां त्याचीच चांदीची भांडी घेऊन पळतो. पोलीस पकडून आणतात, तेव्हा बिशप सांगतो की भांडी मीच दिली होती, आणि राहिलेले मेणबत्तीचे दिवेही तो त्याच्या हवाली करतो. त्या एका कृत्याने चोराचा माणूस होतो. इथवर कथा दयेची आहे, आणि आपल्या सगळ्यांना आवडेल अशीच आहे.

पण ह्यूगो इथे थांबत नाही. हाच व्हालज्यां पुढे कारखानदार होतो, नगराध्यक्ष होतो, दानशूर म्हणून ओळखला जातो. त्याच्या कारखान्यात फँतीन नावाची बाई कामाला असते. तिला लग्नाशिवाय झालेले मूल आहे, हे कळताच तिला कामावरून काढले जाते. केस विकून, दात विकून, शेवटी देह विकून ती मरते. तिला ज्या कारखान्याने रस्त्यावर टाकले, तो दयाळू मालकाचा कारखाना होता, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मालकाचे मन मोठे होते, पण तळाशी काम करणाऱ्या बाईला त्या मनापर्यंत पोचण्याची वाट नव्हती. तिच्या हातात हक्क नव्हता. मालकाचे लक्ष दुसरीकडे वळले आणि त्याची दया त्या क्षणी संपली.

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे, पण आपण ते फक्त वाअजात ऐकतो आणि विसरतो. हिजरी १८ साली अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. हजरत उमर (रजि.) यांनी त्या काळात चोरीसाठी हात तोडण्याची शिक्षा थांबवली. स्वतः तूप आणि मांस वर्ज्य केले. त्यांच्याच कारकिर्दीतला दुसरा प्रसंग हातिब यांच्या घरच्या गुलामांचा आहे. त्यांनी एकाची उंटीण चोरून कापून खाल्ली. उमर यांच्या ध्यानात आले की मालक या गुलामांना उपाशी ठेवतो. त्यांनी गुलामांचे हात वाचवले आणि दंड मालकाला केला. उंटिणीची किंमत चारशे दिरहम होती, भरायला लावले आठशे! बिशपने एका चोराला माफ केले. उमर यांनी उपाशी ठेवणाऱ्याला आरोपीच्या जागी उभे केले. एकाने दया दाखवली, दुसऱ्याने त्या दयेचा कायदा केला. आमच्या मते या दोहोंत जे अंतर आहे, तेच दान आणि इन्साफ यांच्यातले अंतर आहे.

मग क्रांतीचे काय? चित्रपटात १८३२ सालचा पॅरिसचा उठाव आहे. तरुण विद्यार्थी रस्त्यात लाकडी सामान रचून लढतात, वस्तीतले लोक दारे लावून घेतात, आणि जवळजवळ सगळे मारले जातात. पण त्या मोर्चावर एक वेगळी घटना घडते. व्हालज्यांचा आयुष्यभर पाठलाग करणारा पोलीस अधिकारी जाव्हेर त्याच्या हाती सापडतो आणि व्हालज्यां त्याला सोडून देतो. हा जाव्हेर तुरुंगातच जन्मलेला, गरिबांतलाच एक. ज्या वर्गातून आलो त्याचाच त्याला सर्वांत जास्त तिटकारा. मिळालेली माफी त्याच्या हिशेबात बसत नाही आणि तो नदीत जीव देतो.

व्हालज्यांच्या या माफीकडे आम्ही मराठवाड्याचे मुसलमान जरा जास्त थांबून पाहतो. आमचे औसा तेव्हा निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये जुलमी राजवट गेली, ते योग्यच झाले. पण रझाकारांच्या पापाची किंमत पुढच्या दिवसांत ज्यांनी मोजली, त्यांतले कितीतरी कष्टकरी होते, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली आहेत. त्याच अहवालात एक नोंद अशीही आहे की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचवले. एका मागावरचे दुःख दोघांनीही ओळखले होते. दयेवाचून झालेला बदल सूड होतो आणि सूड नेहमी गरिबाच्याच दारी येतो, हे आम्हाला कोणत्याही चित्रपटाने शिकवावे लागले नाही.

दया आणि हक्क एकत्र आले तर काय घडते, हेही या मुलखाने पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडत होती, पाझर तलावाची माती वाहत होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होती. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. कामावर मजुरी कमी मिळाली, हजेरीपटात लबाडी झाली, हे सगळे खरे आहे. तरीही मागणारा हात पसरून उभा नव्हता, हक्काने उभा होता. बंदूक न उचलता झालेली ती क्रांती होती.

आणि कायदा दयेला विसरला की काय होते, तेही पाहिले. मार्च २०१६ मध्ये औशापासून जवळच असलेल्या लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लागले. तहानलेल्या माणसांनी एकत्र जमणे हा गुन्हा ठरला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पाण्याआधी मनाईचा हुकूम पोचला होता, हे आम्ही विसरू शकत नाही. जाव्हेर काही फक्त पॅरिसमध्येच नसतो.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. कुराणाने जकातीचे आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला आहे, गुलामीतून सुटू पाहणारा आहे, आणि जकात गोळा करणारा कामगारही आहे. म्हणजे जकात ही लहरीवर चालणारी खैरात नाही, ती एक व्यवस्था आहे. आणि आपण काय करतो? रमजानमध्ये दारापुढे बायांची रांग लावतो, एकेक पाकीट हातावर ठेवतो, मोबाइलवर फोटो काढतो. दुसऱ्या दिवशी त्याच बाईने पोराच्या शाळेच्या फीबद्दल विचारले, तर तोंड फिरवतो. वर्षभर ज्याला किमान मजुरी दिली नाही, त्याच कामगाराला ईदला कपडे देणारा मालक जकात देतो की स्वतःच्या मनाची समजूत काढतो?

आम्ही दया नाकारत नाही. बिशपने दार उघडले नसते तर पुढची कथाच घडली नसती. पण दार उघडणारा भला माणूस भेटण्यावर गरिबाचे जगणे अवलंबून राहू नये. जकातीचा हिशेब मशिदीच्या फळ्यावर लागावा. वाटपाच्या कमिटीत घेणाऱ्यांपैकी दोन बाया बसाव्यात. आपल्या दुकानात, आपल्या शेतात काम करणाऱ्याची मजुरी घाम वाळण्याआधी पुरी मिळावी. एवढे करायला रस्त्यात मोर्चा बांधावा लागत नाही. आपल्याच तिजोरीत दुसऱ्याचा वाटा पडून आहे, एवढे मात्र मानावे लागते. गाणे ऐकून डोळे ओले होणे सोपे आहे. तो वाटा मोजून, मान खाली घालून, त्याच्या धन्याला परत करणे कठीण आहे.