नांगरल्यावरच दगड का दिसतात? (गीता, अध्याय १३)

आजचं चिंतन तेराव्या अध्यायावर, क्षेत्रक्षेत्रज्ञविभागयोग. सुरुवातीलाच भगवंत अर्जुनाला सांगतात की हे शरीर म्हणजे शेत, आणि त्या शेताला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. आपलं शेताशी नातं बहुतेक पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीपुरतं, त्यामुळे हा दृष्टांत आपण पटकन वाचून पुढे जातो. आज जरा खऱ्या शेतात थांबू.

ठाणे जिल्ह्यातलं शहापूर-मुरबाड घ्या. मुंबईच्या नळाला ज्या भातसा-तानसाचं पाणी येतं, ती धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. खाली खाचरात भात, वर चढावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी. आणि या सगळ्याखाली सह्याद्रीचा काळा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. चढावर मातीचा थर पातळ, त्यात पावसाचा मारा. माती वाहून जाते, दगड उरतो.

अशी जमीन पेरणीला तयार करायची तर आधी नांगरट. आणि गंमत म्हणजे नांगरट झाली की शेत आधीपेक्षा वाईट दिसतं! काल सपाट, गवताळ होतं, आज सगळीकडे धोंडे. मग वेचणी. पूर्वीपासून हे काम हातांनी, पाटी भरून बांधावर टाकायचं. आता ट्रॅक्टरमागे जोडायचं यंत्रही मिळतं: पातं जमिनीत काही इंच शिरतं, माती आणि दगड एकत्र उचलतं, जाळीवरून माती खाली गळते आणि दगड मागच्या पेटीत जमा होतात. हे झाल्यावरच रोटाव्हेटर फिरवायचा, नाहीतर त्याची पाती वाकलीच म्हणून समजा.

आता सत्संगात नेहमी येणारा प्रश्न. "दादा, रोज नामस्मरण करायला लागल्यापासून माझी चिडचिड वाढलीय. आधी मी बरा होतो." तीन आठवड्यांत जपमाळ परत कपाटात जाते, ती याच कारणाने. अरे, पण नांगरलेल्या शेतातले धोंडे नांगराने आणलेत का? ते खालीच होते. शांत बसल्यावर जो राग दिसतो तो त्या आसनावर तयार झालेला नाही. आधी दिवसभर रील्स आणि मीटिंग्जच्या गवताखाली तो झाकलेला होता, इतकंच.

भगवंतांनी क्षेत्रात काय काय मोजलंय ते बघा. पंचमहाभूतं, अहंकार, बुद्धी, इंद्रियं, आणि त्याच यादीत इच्छा, द्वेष, सुख, दुःख. म्हणजे द्वेष हा शेताचा भाग आहे, शेत जाणणाऱ्याचा नाही. माझ्यासारख्या दिवसभर बग शोधणाऱ्या माणसाला हे फार मोठं वाटतं. "मी रागीट आहे" आणि "या शेतात राग आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यावर काही करता येत नाही, दुसऱ्यावर काम सुरू करता येतं.

पण इथे एक पळवाटही आहे, आणि आपण हुशार लोक ती लगेच शोधतो: राग क्षेत्राचा, मी तर साक्षी, मग माझा काय संबंध? संबंध आहे. धोंडे मी पेरले नाहीत म्हणून शेतकरी ते तसेच ठेवत नाही. तुमचं ओरडणं आईला ऐकू येतं. तिला तुमच्या साक्षीभावाचा काय उपयोग?

म्हणूनच पुढे ज्ञानाची लक्षणं येतात. ज्ञानोबांनी या मोजक्या श्लोकांवर शेकडो ओव्या खर्च केल्यात. त्यातला एकच शब्द आज घेऊ, क्षान्ति. मुरबाड तालुक्यात म्हशाला पौष पौर्णिमेला यात्रा भरते, तिथला बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैलांच्या नांगराचा फाळ धोंड्याला अडला की बैल थांबतात, त्यांना ते कळतं. ट्रॅक्टरला कळत नाही, तो ओढतच राहतो. म्हणून दगडाळ जमिनीसाठी कल्टिव्हेटरच्या फणांना स्प्रिंग असते. दगड लागला की फण मागे झुकतो, दगडावरून जातो आणि पुन्हा जागेवर येऊन माती धरतो. स्प्रिंग नसलेला ताठ फण तिथे वाकतो किंवा मोडतो. क्षान्ति मला अशी दिसते. मागे झुकणं आहे, पण काम सोडणं नाही.

आणि वेळ. हे काम पावसाआधी, मृग लागण्यापूर्वी, जमीन कोरडी असताना करतात. चिखलात जाळी तुंबते, माती गळतच नाही. भांडण चालू असताना स्वतःचा राग तपासायला बसू नका. तो चिखल आहे. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं शांत असताना दहा मिनिटं बसा. आजचा एकच धोंडा: कोणाला काय बोललो, कशामुळे. सगळं रान एका दिवसात साफ करायला जाऊ नका. पुढच्या नांगरटीत आणखी निघणारच आहेत.

वेचलेले दगड जातात कुठे, हेही बघण्यासारखं आहे. फार लांब नाही, त्याच शेताच्या बांधावर. चढावरची माती आणि पाणी तेच धरून ठेवतात.

उद्या याच यादीतला पुढचा शब्द, आर्जव.

राम कृष्ण हरि.