साभार परत

गावात कविता-कथांचे छोटेसे अनियतकालिक काढायचे ठरले, की पहिली चर्चा पैशाची होते. वर्गणी किती ठेवायची, जाहिरात कोण देणार, किती फॉर्म्यांचा अंक परवडेल? हे प्रश्न खरे आहेत, पण ते कसेबसे सुटतात. चार मित्र पदरमोड करतात, ओळखीचा डीटीपीवाला उधारीवर पाने लावून देतो आणि अंक निघतो. न सुटणारा प्रश्न वेगळाच असतो. आलेले लेखन परत कसे करायचे?

'साभार परत' या दोन शब्दांची मराठीत एके काळी दहशत होती. 'सत्यकथे'कडून कविता परत येणे हा कित्येक नवोदितांचा अनुभव होता. प्रस्थापितांच्या या निवाड्याला आव्हान देतच अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांना हक्काचे पान दिले. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनाही एकमेकांचे चेहरे दिसले. मग दार उघडण्यासाठी ज्याने अंक काढला, त्यानेच उंबऱ्यावर उभे राहून कुणाला परत पाठवावे काय?

आमच्या अंकाच्या वेळी मोहल्ल्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी घरोघर फिरून वीस वर्गणीदार मिळवून दिले. पुढे त्यांनी कविता दिली. चंद्र, चांदणे, मानवता, बंधुभाव; सारे शब्द चांगले, पण त्यांत गुरुजी कुठेच नव्हते. घरात दखनी बोलणारा, चाळीस वर्षे मराठी शिकवणारा हा माणूस स्वतःचे एकही वाक्य लिहीत नव्हता. मी कविता पाकिटात घातली, 'साभार परत'ची चिठ्ठी जोडली आणि शेजारच्या पोराच्या हाती पाठवून दिली. त्यांचे घर तीन गल्ल्या पलीकडे होते.

ती कविता छापायला हवी होती, असे मला आजही वाटत नाही. 'आपल्यात लिहिणारे थोडे, त्यांना सांभाळून घ्या,' असे मित्र म्हणाले. पण सांभाळून घेणे म्हणजे दयाच. दयेने छापलेली कविता कवीलाही लहान करते आणि तिच्या शेजारच्या पानावर रात्र-रात्र जागून लिहिलेली कथा देणाऱ्या मुलीलाही. वाचकाने दिलेली वर्गणी ही अमानत आहे. तिच्यातून ओळखीची परतफेड करता येत नाही.

माझी चूक नकारात नव्हती, चिठ्ठीत होती. दूरच्या संपादकाला चिठ्ठी शोभत असेल; रोज सलाम-दुआ होणाऱ्या माणसाला ती शोभत नाही. मी त्यांच्या ओट्यावर बसून म्हणायला हवे होते, "गुरुजी, हे तुमचे नाही. तुमचे द्या." ते रागावले असते. त्यांना रागावण्याची संधीही मी दिली नाही.

गुरुजींनी पुन्हा काही दिले नाही. वर्गणी मात्र ते दर वर्षी न चुकता भरतात. पावती फाडताना माझी मान वर होत नाही.

छोटा अंक काढणाऱ्याला नाकारण्याचा अधिकार आहेच. पण तो समोर बसून, कारण सांगून वापरायचा असतो. तेवढी हिंमत नसेल, तर अंक काढण्याची घाई करू नये.