सोवळे, सोय आणि आई

धुऊन वाळवलेले आणि कोणी न शिवलेले सुती वस्त्र सोवळ्यात शुद्ध मानतात. रत्नागिरीच्या पावसाळ्यात असे वस्त्र लवकर वाळत नाही. तेव्हा रेशमी वस्त्र किंवा लोकरीची धाबळी चालते. सोवळ्यातल्या आईला लेकराने शिवले तर सोवळे मोडत असे, पण लेकराचे कपडे काढले की त्याचा विटाळ मानत नसत. म्हणजे आचाराने स्वतःच आईच्या अडचणीला वाट ठेवली होती. काष्ट्याचे नऊवारी लुगडेही मंगलकार्यात मानाचे आणि भातलावणीला सोयीचे.

मग घर, नोकरी आणि देवपूजा सांभाळणाऱ्या आईने सुटसुटीत पाचवारी किंवा सलवार-कमीज निवडली, तर धर्म उणावतो का? भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहालाच वस्त्राची उपमा आहे. जीर्ण झाले की ते टाकायचे. वारकरी संतांनी बाह्य उपचारापेक्षा भाव श्रेष्ठ मानला. 1931 मध्ये रत्नागिरीत सर्व जातींच्या हिंदूंसाठी उभे राहिलेले पतितपावन मंदिर शिवाशिवीच्या सोवळ्याला दिलेले उत्तरच होते.

तेव्हा वस्त्र हे साधन आहे. ते स्वच्छ असावे, हवेला व कामाला मानवावे आणि अपरिग्रहाला धरून मोजके असावे. आईची सोय जपणे हाही धर्मच आहे.