सोसायटीतला उंबर आणि अवधूताचे चोवीस गुरू



आजचं वाचन एकनाथी भागवताच्या सातव्या अध्यायातलं. यदुराजाला एक अवधूत भेटतो. जवळ काहीच नाही, तरी हा माणूस इतका आनंदात कसा, असं राजा विचारतो. अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी, हरिण, मासा, कोळी... हा अवधूत म्हणजेच आपले दत्तमहाराज, असं परंपरा मानते.

हा अध्याय मी आधीही वाचलाय. पण काल रात्री अडखळलो. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्या सोसायटीच्या मागे एक जुना उंबर आहे. फळं थेट बुंध्याला आणि जाड फांद्यांना लगडतात, पिकली की टपाटप पडतात. खाली माझी बाईक. रात्री वटवाघळं येतात, सकाळी सीटवर चोथा आणि घाण. गेल्या महिन्यात झाड काढण्यासाठी अर्ज फिरला. त्यावर तिसरी सही माझी. आणि हाच मी दर गुरुवारी ऑफिसच्या आधी दत्तमंदिरात औदुंबराला अकरा प्रदक्षिणा घालतो! तिथला तो औदुंबर, आणि इथला हा कचरा करणारा उंबर. झाड एकच. इथे पार बांधलेला नाही, एवढाच फरक.

शनिवारी सकाळी बाईक पुसत होतो. वरच्या मजल्यावरची चौथीतली मुलगी वही घेऊन उभी होती. म्हणाली, "दादा, हळू. वर तांबट आहे." ते टुक्-टुक् मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण तो चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल ठिपका, मी पहिल्यांदाच पाहिला. तिच्या वहीत कोकीळ, बुलबुल, साळुंकी, खार, फुलपाखरं अशी अकरा नावं होती. त्याच झाडाबद्दल माझ्याकडे काय होतं? एक अर्ज.

अवधूताची गोष्ट पुन्हा वाचून बघा. त्याने कबुतराला दाणे टाकले, अजगराला दूध पाजलं, असं कुठेही नाही. तो फक्त थांबला आणि पाहिलं. शहरात आपलं उलट होतं. मूठभर दाणे फेकले की पुण्य पदरात पडलं असं वाटतं, आणि ज्या झाडावर पाखरं स्वतःचं स्वतः मिळवून खातात ते मात्र नको असतं. पाहणं ही पहिली सेवा आहे. ज्याला आपण नावाने ओळखतो, त्याच्यावर कुऱ्हाड चालवताना हात थबकतो.

पृथ्वीकडून शिकताना अवधूत झाडाचंही नाव घेतो. झाडाचं जगणं दुसऱ्यासाठी. 'उंबराचं फूल' आपण क्वचितच दिसणाऱ्याला म्हणतो. खरं तर ती फुलं फळाच्या आतच असतात, आणि एक इवलीशी माशी आत शिरून त्यांचं परागीकरण करते. म्हणजे पायाखाली चिरडतो त्या फळात एक अख्खा संसार असतो.

आता कोणी म्हणेल, घाण होते ते खोटं का? खोटं नाही. पण त्याला उपाय आहेत. बाईक दहा पावलं पलीकडे लावता येते. फळांच्या दिवसांत रोज झाडून घेता येतं. फांदी धोकादायक असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन तेवढीच छाटता येते. १९७५च्या कायद्यानुसार शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येतच नाही. पण आपण कायद्याला भिऊन थांबलो, तर प्रदक्षिणांचा उपयोग काय?

रविवारी मीटिंग आहे. मी सही मागे घेतोय, सगळ्यांसमोर, कारण दिलीही सगळ्यांसमोरच होती. त्या मुलीला वही घेऊन बोलवलंय. लोक ऐकतील की नाही, महाराज जाणोत.

आजचा संकल्प छोटा आहे. तुमच्या बिल्डिंगजवळचं एक झाड निवडा. सात दिवस, रोज दहा मिनिटं, मोबाईल खिशात ठेवून त्याच्याकडे बघा. कोण येतं, काय खातं, लिहून ठेवा. शक्य झालं तर शेजारच्या एखाद्या मुलाला सोबत घ्या. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असेल आणि पानांवर अळी दिसली, तर फवारा मारू नका. दोन-तीन आठवड्यांत तिचं फुलपाखरू होईल.

चोवीस गुरू शोधायला वनात जायला नको. एखादा पार्किंगमध्येही उभा असतो.

श्री गुरुदेव दत्त!