संशयाचा फायदा

दार म्हटलं की उघडणं आणि लागणं ही दोनच कामं. आमच्या घरच्या दाराला यांतलं दुसरं पावसाळ्यात जमत नाही. चार महिने ते फुगून बसतं. मग किंचित उचलून, खांद्याचा धक्का देऊन लावावं लागतं. तो धक्का घरातल्यांना ठाऊक आहे, पाहुण्यांना नाही. त्यामुळे पावसाळ्यात आलेला पाहुणा लवकर जात नाही. सांगायचा मुद्दा, दाराच्या बिघाडांत मी नवखा नव्हतो. तरीही दिवाळीच्या सुमारास न्यू जर्सीत धाकट्या भावाकडे गेलो आणि तिथल्या दारानं माझी विकेट घेतली.

आपल्याकडे गाडी बिघडली म्हणजे गॅरेजात जाते. तिकडे ती रोजच गॅरेजात जाते, आणि बिघडतं ते गॅरेजचं दार. हे दार म्हणजे आपल्या दुकानाच्या शटरचा परदेशात शिकून आलेला भाऊ. गाडीतूनच बटण दाबलं की आपोआप वर जातं, पुन्हा दाबलं की खाली येतं. दोन गाड्यांच्या रुंदीचं ते धूड, पण वरची स्प्रिंग सगळा भार तोलून धरते, म्हणून अर्ध्या अश्वशक्तीची मोटार त्याला पुरते. (संसारातही ओझं एक जण उचलतो आणि आवाज दुसरा करतो, पण तो वेगळा विषय आहे.)

भावाचं दार सकाळी शहाण्यासारखं वागे. संध्याकाळी मात्र अर्ध्यापर्यंत खाली येई, थबके, आणि काहीतरी विसरल्यासारखं पुन्हा वर जाई. आमच्या काउंटरवरून पैसे घेऊन निघालेलं गिऱ्हाईक दारापर्यंत जाऊन "अहो, पासबुक राहिलं" म्हणत परत येतं ना, तस्संच.

"दादा, त्याची एक युक्ती आहे," भाऊ म्हणाला. "भिंतीवरचं बटण दाबून धरायचं. सोडायचं नाही. मग मुकाट्यानं येतं खाली."

आणि ते काम माझ्याकडे आलं. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला साजेसंच होतं ते. एका जागी उभं राहायचं, बोट दाबायचं, डोकं चालवायचं नाही. दोन दिवस मी ते चोख बजावलं. तिसऱ्या दिवशी बटण दाबून समोरच्या झाडाची तांबडी पानं बघत होतो. दार निम्मं खाली आलं होतं. इतक्यात त्याच्याखालून एक चेंडू घरंगळत आत आला.

चेंडूच्या मागून कोण येतं, हे घरात मूल असलेल्याला सांगायला नको. माझं बोट आपोआप सुटलं. दार उलट फिरलं आणि वर गेलं. चार वर्षांचा पुतण्या आत आला, चेंडू उचलून म्हणाला, "काका, दार परत बिघडलं!" आणि पळाला. घडलं काहीच नाही. कुणी पाहिलंही नाही. पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

रात्री मी त्या दाराचं माहितीपुस्तक काढलं. परिपत्रकं वाचणारा माणूस म्हणून आमच्या शाखेत माझी ख्याती आहे, त्यामुळे हे तर मला ललित वाङ्मयच वाटलं. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, एकेक डोळा असतो. एक डोळा अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो टिपतो. किरण मध्येच तुटला की दार समजतं, खाली कुणीतरी आहे, आणि उलट फिरतं. अमेरिकेत पूर्वी असं नव्हतं. तेव्हा दाराखाली सापडून मुलं दगावली. मग कायदा झाला आणि 1993 पासून तयार होणाऱ्या घरगुती दारांना अशी काही सोय सक्तीची झाली. किरण सहा इंचांवर का, हेही मला तेव्हा कळलं. रांगणारं मूल त्याच उंचीवर असतं.

आणि आम्ही दाबून धरलेलं बटण? ते दाबून धरलं की दार त्या डोळ्यांचं ऐकत नाही. "मी स्वतः बघतोय, जबाबदारी माझी," असं आपण त्याला सांगत असतो. मी बघत होतो झाडाकडे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आठवल्या त्या एक पेन्शनर आजी. अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीचा आणि त्यांचा संबंध काय, तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी त्या माझ्या काउंटरवर आल्या होत्या. हात कापत होता, सही जुळत नव्हती. मी त्यांना ओळखत होतो. दर महिन्याला येत. तरी म्हणालो, "आजी, सही जुळत नाही, उद्या या." अशा माणसाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा, हा नियम मला पाठ होता. ते परिपत्रक फाइलला मीच लावलं होतं. पण साहेबांना उठवा, साक्षीदार शोधा, स्टॅम्प पॅड कपाटातून काढा. त्यापेक्षा खिडकी बंद करणं सोपं होतं. आजी चार दिवसांनी आल्या. ते चार दिवस कसे काढले, हे मी विचारलं नाही.

गंमत अशी, की चुकीच्या माणसाला पैसे दिले तर मेमो येतो. बरोबर माणसाला दिले नाहीत, तर काहीच येत नाही. म्हणून शंका आली की आम्ही बंद करतो. ते दार शंका आली की उघडतं.

आता कुणी म्हणेल, शंका येताच उघडणारी बँक आठवड्यात रिकामी होईल. खरं आहे. पैसे लोकांचे असतात. पण दारही काही भोळं नाही. ते एवढाच हिशेब करतं, की चूक झालीच तर कुठली भरून निघेल? उघडं राहिलं तर थंडी आत येईल, फार तर एखादी खार येईल. चुकून लागलं तर त्याला दुरुस्ती नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. जमा-खर्चाचं एवढं साधं गणित मला त्या यंत्राकडून शिकावं लागलं. शंका आपली असते, तिची किंमत मात्र बहुधा समोरचा भरतो.

दुसऱ्या दिवशी बिघाडही सापडला. डोळे पुसले, कोळ्याचं जाळं काढलं, तरी संध्याकाळी तेच. शेवटी वाकून पाहिलं, तर मावळतीचं ऊन थेट किरण टिपणाऱ्या डोळ्यात जात होतं. उन्हानं दिपल्यावर त्याला किरण दिसेना, आणि दिसत नाही म्हणजे कुणीतरी असेल, असं समजून बिचारं दार परत फिरत होतं. स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांच्या गुंडाळीची रिकामी नळी कापून मी त्या डोळ्याला टोपी घातली. दार सुरळीत लागलं.

"एवढंच होतं होय!" भाऊ म्हणाला.

"एवढंच," मी म्हणालो. चेंडूचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल.

परत आल्यावर मी बँकेत एकच सुधारणा केली. स्टॅम्प पॅड कपाटातून काढून काउंटरवर ठेवला. साहेबांनी विचारलं, "हा इथे कशाला?" म्हटलं, "असू दे, साहेब. उन्हाचा त्रास होतो."

घरचं दार या पावसाळ्यातही फुगलं. सुताराला बोलवा, असं बायको म्हणते. मी म्हणतो, राहू दे. लागत नाही म्हणजे कुणीतरी यायचं असेल.