नोटीस कुणाच्या नावाने?

मृग जवळ आला की महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांचं एक काम ठरलेलं असतं. गावठाणातली पडायला आलेली घरं पाहायची आणि त्यांच्या दारांवर नोटिसा डकवायच्या. बारामती आणि इंदापूर याला अपवाद नाहीत. 1965च्या नगरपरिषद अधिनियमाचं कलम 195 नोटिशीत नमूद असतं. घर उतरवून घ्या, दुरुस्त करा, राहणाऱ्यांना बाहेर काढा. दुर्घटना घडल्यास जबाबदारी तुमची, असा मजकूर असतो. हे ‘तुम्ही’ म्हणजे कोण, यावर मात्र सगळं अडतं. नगरभूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर अनेकदा अशा माणसाचं नाव असतं, ज्याची नातवंडंही आता म्हातारी झाली आहेत. कोण्या घराची भिंत का पडली असं विचारलं तर लोक पावसाकडे बोट दाखवतात. मला वाटतं, ती पडते सही करणारा कुणी उरलेला नसतो म्हणून.

हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. इथली जुनी घरं मातीच्या भिंतींची, लाकडी तुळयांची, माळवदाची. माळवदाला दरवर्षी पावसाआधी माती द्यावी लागते, उतार धरावा लागतो, पन्हाळी मोकळी करावी लागते. खर्च फार नाही, पण दरवर्षी कुणीतरी वर चढायला हवं. ते थांबलं तरी घर लगेच कोसळत नाही, कारण इथला पाऊस मुळात कमी. दुर्लक्ष वर्षानुवर्षं पचून जातं आणि मग एखाद्या वर्षी सगळं एकदम वसूल होतं. 2025च्या मे महिन्यात तसंच झालं. मोसमी पाऊस रुळायच्या आधीच बारामती-इंदापूर भागात मुसळधार कोसळला, नीरा डावा कालवा फुटला, घरांची पडझड झाली.

आता वर चढायचं कुणी? समजा, पत्रिकेवर पणजोबांचं नाव आहे. त्यांना चार मुलगे, दोन मुली. त्यांची मुलं, मग नातवंडं. कुणी हडपसरला, कुणी सुरतेला, कुणी गावातच नव्या वसाहतीत. हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः समान हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण त्यामुळे सह्यांची यादी आणखी लांबली हेही खरं. एकाने खर्च केला तर बाकीच्यांचा हिस्सा फुकट सुधारतो. म्हणून कुणीच खर्च करत नाही, आणि हक्कसोडपत्रावर सही करायलाही कुणी तयार होत नाही.

याच कुटुंबाची शेती पाहा. तिथे वारसनोंद लांबवून भागत नाही. सोसायटीचं पीककर्ज, माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाची नोंद, कालव्याची पाणीपट्टी, सगळीकडे सातबारा मागतात. सातबारा हा दरवर्षी कामाला येणारा कागद आहे, म्हणून त्यावरची नावं जिवंत राहतात. गावातल्या वाड्याची मिळकत पत्रिका विकण्याखेरीज कुणी मागत नाही. वाडा मातीचा आणि शेतही मातीचंच. एकाची वही चालू राहिली, दुसऱ्याची मिटली.

मालक सापडला नाही तर पालिकेने स्वतः पाडावं, असं आपण सहज म्हणतो. कायदा तसा अधिकार देतो, खर्च वसूल करण्याचाही देतो. पण वसूल कुणाकडून करणार? घरपट्टीही थकलेलीच असते आणि थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. तो आकडा पाहून उरलासुरला वारसही पुढे यायला धजत नाही. 2025च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने ही शास्ती माफ करण्याची वाट मोकळी केली, ते योग्यच झालं. आत भाडेकरू असेल तर गुंता वाढतो. बाहेर पडलो की जागा गेली, या भीतीने तो वाकलेल्या तुळईखाली झोपतो. खरं तर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे की पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. ही गोष्ट नोटिशीतच ठळक अक्षरांत छापली पाहिजे. एक वाक्य वाढेल, पण जीव वाचतील.

माझं म्हणणं याच दोन गावांत पडताळून पाहता येतं. इंदापूरची मालोजीराजांची गढी आणि कऱ्हाकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा या दोन्ही वास्तू साध्या घरांपेक्षा कितीतरी जुन्या आणि थकलेल्या. तरी त्यांच्या जतनाचा विचार झाला. इतिहासाचं वजन होतंच, पण निर्णय घेणारं कुणीतरी होतं, ही बाजूही तितकीच मोठी.

घर वाचवायचं तर आधी नोंद जिवंत हवी, हे जपानला आपल्याआधी उमगलं. तिथे ओस घरांची संख्या लाखांत आहे. 2015च्या कायद्याने स्थानिक सरकारांना अशा घरांची करसवलत काढून घेण्याचा आणि शेवटी ती पाडण्याचा अधिकार मिळाला. तरी मालक कोण, हा प्रश्न उरलाच. म्हणून 1 एप्रिल 2024 पासून त्यांनी वारसनोंद सक्तीची केली: तीन वर्षांत नोंद करा, नाहीतर दंड. भिंतीपासून निघालेला कायदा नऊ वर्षांनी नोंदवहीपाशी पोहोचला.

आपल्याकडे 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला तलाठी गावोगाव बसले. ती शेतजमिनीसाठी होती. तीच गोष्ट गावठाणातल्या मिळकत पत्रिकांसाठी करता येईल, आणि नगरपरिषदेला ती सोपी आहे. घरपट्टीची पावती कोण नेतं, नळजोड कुणाच्या नावावर आहे, दिवाळीला कुलूप उघडायला कोण येतं, हे वसुली विभागातल्या माणसाला तोंडपाठ असतं. धोकादायक घरांची यादी मे महिन्यात करण्याऐवजी दिवाळीत करावी, सगळे गावी आलेले असताना. भूमापन कार्यालयाचा एक कर्मचारी सोबत घ्यावा, वारसांचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत, आणि सहा महिने हाती असताना विचारावं: ठेवायचं, विकायचं, की उतरवायचं?