ओळख पटण्याआधीचा घास

डच चित्रकार रेम्ब्रांट याने १६५८ साली रंगवलेले एका झोपडीचे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. अंधाऱ्या खोलीत टेबलाशी दोन पाहुणे बसले आहेत. दिवा एका पाहुण्याच्या आड दडलेला आहे. उजेड पडतो तो दुसऱ्याच्या अंगावर. समोर एक म्हातारे जोडपे वाकले आहे आणि जवळच त्यांचा हंस आहे.

ही कथा रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली. ज्युपिटर आणि मर्क्युरी हे देव माणसांच्या रूपात फ्रिजियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आसरा मागत फिरले. हजार दारे बंद झाली. फिलेमॉन आणि बॉकिस या गरीब जोडप्याने मात्र त्यांना आत घेतले. कोबी, ऑलिव्ह, अंडी, घरात होते ते पुढे ठेवले. कितीही ओतले तरी सुरई रिकामी होईना, तेव्हा दोघे घाबरले. माफी मागत त्यांनी आपला एकुलता एक हंस कापायला धरला. हंस पाहुण्यांच्या आश्रयाला पळाला आणि देवांनी त्याला मारू दिले नाही.

अनेक देवांची ही कथा आपल्या अकीद्यात बसणारी नाही. पण तिच्यातला प्रश्न आपलाही आहे. कोबी वाढला तो थकलेल्या वाटसरूंना. हंस पुढे केला तो देव ओळखल्यावर, भीतीपोटी. पहिले स्वीकारले गेले, दुसरे नाकारले गेले. माझ्या मते कथेचे सार या फरकात आहे.

कुरआनातही हजरत इब्राहीम (अ.) पाहुणे कोण हे कळण्याआधीच भाजलेले वासरू आणून ठेवतात. फरिश्ते त्याला हात लावत नाहीत; म्हणून त्या मेहमाननवाजीचे मोल उणे होत नाही. बायबलमधला हाच प्रसंग रेम्ब्रांटने १६५६ मध्ये कोरला, तेव्हा नमुना घेतला तो झाडाखाली बसलेल्या चार बुजुर्गांच्या एका मोगल चित्राचा. त्या चित्राची त्याने केलेली नक्कल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले आणि १६५८ मध्ये घरही विकले गेले.

ओव्हिडच्या कथेत दार न उघडणारे शेजारी पुरात बुडतात. बुडणाऱ्यांत लहान मुलेही असणार. ती शिक्षा मला पटत नाही. पण दाराशी देव आहेत हे कळते, तर त्या हजार घरांनीही दस्तरखान अंथरला असता. न कळणे हीच तर कसोटी होती.

शहरात भाड्याचे घर शोधताना नाव सांगताच दार बंद झाल्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. ती तक्रार रास्तच आहे. पण आपल्या दाराशी कोणी आला, तर आपणही आधी गाव, जमात, मसलक विचारतोच ना? तो भुकेला आहे का, हा प्रश्न किती उशिरा येतो, ते ज्याने त्याने आपल्या उंबरठ्यावर उभे राहून पाहावे.